पहिला घाणा

दसरा ते दिवाळी हे वाशिम जिल्ह्यात सोयाबीनचे दिवस. सोंगणी होते, मळणीयंत्रं चालतात, रस्त्याकडेच्या बाभळींवर भुसाची धूळ बसते. बाजारात दोन फळं शेजारी शेजारी मांडलेली दिसतात: बांधावरून आणि टेकड्यांवरून टोपल्यांत उतरलेली सीताफळं, अन् काश्मीर-हिमाचलातून ट्रकने आलेली सफरचंदं. शाळांना सुट्या लागायच्या असतात, पुण्या-मुंबईकडं गेलेली माणसं घराकडं यायची असतात, आणि घराघरांत फराळाची यादी सुरू होते. करंज्या, शंकरपाळे, चिरोटे, रव्याचे लाडू. यादी करणाऱ्या बाईला सगळ्यांच्या आवडीनिवडी पाठ असतात. कोणाला गोड कमी, कोणाला शंकरपाळे खारेच हवेत. पण ज्या घरात एखाद्या लेकराला गहूच चालत नाही, तिथं ही यादी करताना तिचा हात थबकतो.

आमच्या नात्यात अशी एक मुलगी आहे. तिला सिलिॲक आहे. गहू, जव आणि राय या धान्यांतलं ग्लुटेन पोटात गेलं की तिचं शरीर स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटतं. अन्नरस शोषून घेणारे तिथले बारीक अंकुर झडतात. मग खाल्लेलं अंगी लागत नाही. रक्त कमी होतं, वाढ खुंटते, पोट फुगतं, कधी जुलाब सुरू होतात. यावर गोळी नाही, इंजेक्शन नाही. ही तिन्ही धान्यं जन्मभरासाठी बंद, हाच उपचार. आणि तो पाळताना चिमूटभर पिठाचीही सूट नसते. पाहुण्यांच्या घरी प्रेमानं म्हटलं जातं, ‘‘एक करंजी खा वं माय, सणाची, काही नाही होत.’’ होतं. आग्रह ही आपल्याकडं मायेची रीत आहे, पण या एका पोरीसाठी आग्रह न करणं हीच माया.

एक सावधगिरी मात्र सांगितली पाहिजे. लेकरू अशक्त दिसतं, पोट बिघडतं, म्हणून कोणाचं तरी ऐकून आपणच गहू बंद करू नये. रक्ताची तपासणी आणि गरज पडल्यास आतड्याचा तुकडा काढून केलेली तपासणी, दोन्ही होईपर्यंत गहू खाण्यात असावा लागतो. आधीच बंद केला तर आजार असूनही तपासणीत दिसत नाही. ज्याला हा त्रास नाही, त्यानं केवळ फॅशन म्हणून गव्हाशी वैर धरण्याचंही कारण नाही.

या आजाराचं कारण सापडलं त्याची हकीकत विलक्षण आहे. इंग्लंडच्या सॅम्युअल जी या डॉक्टरांनी १८८८ साली त्याचं नीट वर्णन केलं आणि इलाज असलाच तर तो आहारात आहे, असंही सांगितलं. पण नेमकं काय वर्ज्य करायचं, ते कळायला पुढं साठेक वर्षं लागली. अमेरिकेत सिडनी हास यांनी १९२४ च्या सुमारास अशा मुलांना केळ्यांवर ठेवलं. मुलं सुधारली, श्रेय केळ्यांना मिळालं. हॉलंडमधले बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना मात्र गव्हाचाच संशय होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांच्या ताब्यातल्या नेदरलंड्समध्ये भयंकर उपासमार झाली. पाव मिळेनासा झाला, लोक ट्युलिपचे कंद उकडून खाऊ लागले. त्या काळात पावावाचून राहिलेली सिलिॲकची मुलं सुधारत होती, आणि पाव परत आला तशी पुन्हा खंगत होती. डिके यांचा संशय पक्का झाला. १९५० साली त्यांनी आपला प्रबंध मांडला. आज जगभरातली ही मुलं धडधाकट वाढतात, त्याच्या मुळाशी ते काम आहे.

सगळ्यांचा पाव हिरावला गेला, तेव्हा त्या मुलांचं आणि इतरांचं ताट एकसारखं झालं. आपल्याकडं असा काळ दरवर्षी येतो, तोही दुष्काळावाचून. त्याला आपण नवरात्र म्हणतो.

नवरात्रात घरात काय शिजतं ते आठवा. भगर, राजगिऱ्याच्या पुऱ्या, शिंगाड्याचा शिरा, साबुदाण्याची उसळ, शेंगदाण्याची आमटी. यात गहू कुठंच नाही. नऊ दिवस सगळं घर या मुलीच्या पंगतीला येऊन बसतं. तिला कोणाला विचारावं लागत नाही, डबा वेगळा न्यावा लागत नाही. अन् त्या दिवसांतली स्वयंपाकघराची शिस्त पाहा. उपासाचं पातेलं वेगळं, डाव वेगळा, मीठ वेगळं, खरकटा हात तिकडं जायचा नाही. ‘उपासाचं आहे’ एवढं म्हटलं की चार वर्षांचं पोरही हात मागं घेतं. मग दसऱ्याला उपास सुटतात, पोळपाट-लाटणं गव्हाच्या पिठानं माखतं, आणि ती पुन्हा एकटी पडते.

मोठ्या दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ ज्याला काटेकोर पथ्य म्हणतात, ते आपल्या आज्यांच्या हातवळणात आधीच आहे. गिरणीतलाच प्रसंग घ्या. डबा पुढं करताना बाया आजही विचारतात, ‘‘कशावर दळता आता?’’ आधी मिरची दळली असेल तर थांबतात, गहू निघत असेल तर म्हणतात, ‘‘भाऊ, मही ज्वारी ज्वारीवरच दयून देजा.’’ चव बिघडू नये, भाकर चिवट होऊ नये, म्हणून ही काळजी. सिलिॲकच्या लेकरासाठी ती दुप्पट करायची, इतकंच. बंद पाकिटावर ‘ग्लुटेनमुक्त’ लिहायचं तर आपल्या देशाच्या नियमानं एका किलोत ते वीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये. गव्हाच्या दळणानंतर जात्याच्या पाळ्यांत जे पीठ अडकून राहतं, ते या मापापुढं फार होतं. म्हणून जमेल त्यानं घरची छोटी चक्की फक्त ग्लुटेन नसलेल्या धान्यांसाठी ठेवावी. हिंगाच्या डबीवरचा बारीक मजकूरही वाचावा. बाजारातल्या बांधणीच्या हिंगात बहुतेकदा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. चिवड्याची फोडणी, शेवेचं पीठ, आमटी, सगळीकडून तो हिंग गपचूप ताटात शिरतो.

खरं तर या मुलीचा जन्म वऱ्हाडात दोन पिढ्या आधी झाला असता तर तिचं अर्धं दुखणं कमी झालं असतं. तेव्हा घरोघर ज्वारीची भाकर होती. पोळी सणावाराला, पाहुणा आला तर. खरिपाची ज्वारी हे या काळ्या मातीचं मुख्य अन्न होतं. मग चित्र पालटलं. दाणे भरताना पाऊस लांबला की कणसं काळी पडायची, पाखरं आणि रानडुकरं उरलेलं खायची, आणि सोयाबीन तीनेक महिन्यांत हातात रोख पैसा ठेवायचं. रेशनवर गहू-तांदूळ मिळू लागले. शेतकऱ्यानं हिशेब केला आणि ज्वारी मागं पडली. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, पोट हिशेबावरच चालतं. भारताच्या पुढाकारानं संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचं वर्ष म्हणून पाळलं, तेव्हा शहरातल्या दुकानांत ज्वारीची बिस्किटं चकचकीत पुड्यांत आली. इकडं मात्र खरिपाची ज्वारी पेरणारे थोडेच उरलेत. बाजारातून रब्बीची ज्वारी विकत आणायची, आणि तिलाच घरची म्हणायचं.

या दिवाळीच्या सुटीत आम्ही त्या पोरीसाठी याच ज्वारीचा केक करणार आहोत. तिनंच मागितलाय. आता तालुक्याच्या गावीही बेकऱ्या आहेत, वाढदिवसाला केक आहे, आणि ती दरवेळी टाळ्या वाजवून बाजूला सरकते.

फळ कोणतं घालायचं, यावर घरात चर्चा झाली. सीताफळ आपल्या रानातलं, याच दिवसांतलं, मनानं तेच पुढं केलं. पण सीताफळाचा गर तापवला की कडवट होतो. ते बासुंदीतही गार झाल्यावरच मिसळतात. चुलीचा ताप सोसतं ते सफरचंद. शिजून मऊ पडतं, आणि त्यातलं पेक्टिन पिठाला धरून ठेवतं. ज्वारीत हा धरून ठेवणारा गुणच नाही. गव्हाची कणीक ताणली तर लांबते, ज्वारीची उंडी ताणली तर तुटते. म्हणून तर भाकरीला उकळतं पाणी लागतं, तळहाताच्या टाचेनं मळावं लागतं, आणि पीठ जुनं झालं, त्याची विरी गेली, की भाकर थापताना कडा फाटतात.

केकला हीच अडचण दुसऱ्या वाटेनं सोडवायची. तीही वाट वऱ्हाडातलीच आहे: जवस. ज्या जवसाची आपण चटणी करतो, तो दोन चमचे भाजून, बारीक पूड करून सहा चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवायचा. अंड्याच्या पांढऱ्यासारखा बुळबुळीत गोळा होतो, आणि अंड्याचंच काम करतो. (जव वेगळा, जवस वेगळा, हे दुकानदाराला दोनदा सांगावं. पहिल्यात ग्लुटेन आहे.) दोन वाट्या ताजं ज्वारीचं पीठ, अर्धी वाटी तांदळाचं. दोन सफरचंदं: एक किसून, एक फोडी करून. वाटीभर चिरलेला गूळ पाऊण वाटी दह्यात विरघळवून, अर्धी वाटी तेल, दीड चमचा बेकिंग पावडर (तिचाही डबा वाचून घ्यावा), चिमूटभर सोडा, दालचिनी, जायफळ. पीठ कालवून पंधरा मिनिटं ठेवायचं, म्हणजे ज्वारीचा रवाळपणा मुरतो. ओव्हन नसेल तर कुकर आहेच. शिटी आणि रबरी रिंग काढायची, तळाला जाड मीठ पसरून त्यावर तिवई, दहा मिनिटं कुकर तापवायचा, मग तेलाचा हात लावलेलं भांडं आत. मंद आचेवर पाऊण ते एक तास. सुरी घालून पाहायची, कोरडी निघाली की झाला. पूर्ण गार होईपर्यंत कापायचा नाही. घाई केली तर सगळा भुगा होतो, मग तो दुधात कालवून खावा, तोही वाईट लागत नाही.

हा केक मैद्याच्या केकइतका हलका होत नाही. भाकरीसारखा थोडा भरभरीत, गुळानं तांबूस, वजनदार. पुण्याहून येणारी भावंडं नाक मुरडतील, एखादा काका ‘हे कसलं पौष्टिक’ म्हणेल. तरी त्या दिवशी घरात दुसरा केक करायचा नाही, असं ठरवावं. विशेष माणसासाठी विशेष पदार्थ करणं सोपं असतं. छोट्या वाटीत वेगळं काढून ‘हे बघ, तुझ्यासाठी केलंय’ म्हणायचं. त्यात प्रेम असतं, पण ती वाटी हातात घेताना लेकराला रोज कळत राहतं की आपण या पंगतीतले नाही. सगळ्यांनी तेच खाल्लं तर त्या पदार्थाची चव कमी-जास्त झाली तरी चालते. नवरात्रात भगरीला कोणी नावं ठेवत नाही, कारण सगळ्यांच्या पानात भगरच असते.

बाकी फराळातही गहू सोडून बरंच उरतं. अनारसे तांदळाचे. बेसनाचे लाडू, शेव, पोह्यांचा चिवडा. चकलीच्या भाजणीत तांदूळ, डाळी, धने-जिरं. ती घरी भाजून वेगळी दळली की झालं. ओल्या नारळाच्या वड्या, शेंगदाण्याची चिक्की. यादी उलट बाजूनं लिहायला घेतली की कळतं, वगळायचं थोडंच आहे.

फक्त क्रम बदलावा लागतो. आपल्या घरी तळणीला साधारण करंज्यांनी सुरुवात होते. एकदा मैदा तेलात सुटला की त्या कढईतली चकली तिच्या कामाची राहत नाही. म्हणून स्वच्छ कढई, नवं तेल, आणि आधी चकल्या, शेव, अनारसे. ते निथळून, गार करून, झाकणाच्या डब्यात भरून उंच फळीवर. मगच पोळपाटावर मैदा. देवाचा नैवेद्य आपण कोणी उष्टावण्याआधी बाजूला काढतो. त्याच्याबरोबर आणखी एक डबा बाजूला निघाला तर देव काही रुसणार नाही. तेव्हा या वर्षी याद्या करताना, वाणसामान आणण्याआधी, घरात एवढं एकदा विचारून घ्या: आपल्यात गहू न चालणारं, साखर न चालणारं, मीठ कमी केलेलं कोण कोण आहे? पहिला घाणा त्यांचा.