द्विनवेनचे तीन वर

वेल्समधील अँगलसी बेटाच्या नैर्ऋत्य टोकाला लॅनद्विन नावाचा चिंचोळा भूभाग आहे. मोठी भरती आली की तो बेटापासून तुटतो. तेथील पडके चर्च संत द्विनवेनच्या नावाचे. वेल्श भाषेत 'ग्वेन' म्हणजे शुभ्र, आणि धन्यही; तोच शब्द या नावाच्या शेवटी आहे.

पाचव्या शतकातील ब्रिखन राजाची ही कन्या, असे परंपरा सांगते. मैलन नावाच्या तरुणावर तिची प्रीती होती. परंतु विवाह झाला नाही. कोणी पित्याचा नकार हे कारण सांगतात, कोणी मैलनचे दुर्वर्तन. या प्रीतीतून सोडव, अशी तिने देवाकडे याचना केली. स्वप्नात तिला एक पेय मिळाले आणि तिची व्यथा शमली. मैलन मात्र बर्फ होऊन गोठला. मग तिला तीन वर लाभले. मैलन पुन्हा माणूस व्हावा, हा पहिला. खऱ्या प्रेमिकांवर देवाची कृपादृष्टी राहावी, हा दुसरा. आपण कधीही विवाह करू नये, हा तिसरा.

ही कथा इयोलो मॉर्गनवग (१७४७-१८२६) यांच्या संग्रहातून प्रसिद्ध झाली, आणि जुन्या साहित्यात पदरची भर घालणारे म्हणून ते ओळखले जातात. तेव्हा तिला इतिहास म्हणण्याचा आग्रह आम्ही धरीत नाही. परंतु ती जो प्रश्न विचारते, तो खरा आहे : ज्याने दुखावले त्याला क्षमा केली, म्हणजे त्याच्याकडे परत गेलेच पाहिजे काय?

आपल्या घरांत या दोन गोष्टींची सर्रास गल्लत होते. "क्षमा कर" असे सांगताना "गप्प बस, नांदायला जा" असेच आपण पुष्कळदा सुचवितो. द्विनवेनने मैलनला बर्फातून सोडविले. त्याच्या दुःखावर आपले सुख उभारले नाही. पण तिसऱ्या वराने तिने स्वतःची वाटही राखली. पहिला वर क्षमेचा, तिसरा स्वातंत्र्याचा. त्यांत विरोध नाही. दुसऱ्याचे भले इच्छिणे हे प्रत्येकाचे कर्तव्य आहे. पुन्हा विश्वास टाकणे मात्र समोरच्याच्या पश्चात्तापावर आणि वर्तनावर अवलंबून असते.

चौदाव्या शतकातील थोर कवी दाविथ आप ग्विलिम याने तर या कुमारिकेलाच साकडे घातले, की विवाहित मॉर्विथकडे माझा निरोप घेऊन जा. त्याने तुझे स्वर्गातील स्थान ढळणार नाही! कवीची ही थट्टा वाचून हसू येते. परंतु आपल्या इच्छेला संतांची मोहोर उमटवून घेण्याची हौस आपल्यालाही आहेच. लॅनद्विनच्या विहिरीतील माशांच्या हालचालींवरून प्रेमिक आपले भवितव्य पाहत, ते याच हौसेपोटी.

१९६०च्या दशकात बँगर येथील एका विद्यार्थिनीने द्विनवेनच्या नावाची शुभेच्छापत्रे छापून घेतली आणि २५ जानेवारी हा तिचा सण वेल्समध्ये पुन्हा रुजला. ख्रिस्तसभा त्याच दिवशी संत पौलाच्या परिवर्तनाचा सण पाळते. हृदय बदलते, गोठलेला माणूस वितळतो, ही आशा दोन्ही सणांत आहे. ती आशा कोणासाठीही सोडू नये. मात्र तिच्या नावाखाली कोणाला बळजबरीने परतही पाठवू नये.