गरम इंजिन

जुनी वस्तू विकत घेणाऱ्या माणसाकडे जग दोनच नजरांनी पाहतं. वस्तू चालली तर तो व्यवहारी, बंद पडली तर वेंधळा. जन्मभर बँकेत दुसऱ्यांचे व्यवहार तपासत बसल्यामुळे आपण पहिल्या वर्गातले, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. ती दूर करण्याचं पुण्यकर्म एका टू-स्ट्रोक ग्रासकटरनं केलं.

निवृत्त झाल्यावर आम्ही दोघं देवगड तालुक्यातल्या आमच्या जुन्या घरी राहायला आलो. घरामागं वडिलांनी लावलेली हापूसची चाळीस कलमं आहेत. पाऊस सरला की त्या कलमांखाली छातीइतकं गवत माजतं. १८३० साली इंग्लंडात एडविन बडिंग नावाच्या गृहस्थांनी गवत कापायचं यंत्र काढलं, ते हिरवळ गुळगुळीत दिसावी म्हणून. कोकणातला माणूस असल्या हौसेपायी गवत कापत नाही. गवतात फुरसं असतं, आणि तेच गवत वाळलं की फाल्गुनात कुणाच्या तरी विडीच्या थोटकानं अख्खी बाग जाते. म्हणून दसरा-दिवाळीच्या सुमारास बेणणी करावीच लागते. पूर्वी ती कोयत्यानं होई. हल्ली त्यासाठी पट्ट्यानं खांद्याला अडकवायचं यंत्र मिळतं. लांब दांडा, एका टोकाला इंजिन, दुसऱ्या टोकाला गरगरणारं पातं आणि दोघांच्या मध्ये आपण.

नव्या यंत्राची किंमत ऐकून हिनं "कोयत्याला पेट्रोल लागत नाही" एवढंच म्हटलं. मी मनाशी ठरवलं, जुनं घ्यायचं.

ज्यांच्याकडून घेतलं ते गृहस्थ फार सालस. कपाळाला गंध, हातात सुपारीची चंची. "दोनच सीझन वापरलंय," म्हणाले. कोकम सरबत आलं. मग त्यांनी दोरी ओढली आणि पहिल्याच झटक्याला इंजिन सुरू! मी कौतुकानं इंजिनावर हात ठेवला तर ते चांगलं कोमट लागलं. मी येण्यापूर्वी कुणीतरी ते चालवून ठेवलं होतं. पण सरबत पोटात गेल्यावर माणसाची तर्कबुद्धी मंदावते. मला तो कोमटपणा आतिथ्याचाच भाग वाटला. चार हजार मोजले आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सदतीस वेळा दोरी ओढली. आकडा खात्रीचा आहे, कारण ही ओसरीवर तांदूळ निवडत मोजत होती.

यंत्र जामसंड्याच्या एका मेकॅनिककडे नेलं. हा माणूस बोलतो कमी आणि उघडतो फार. त्यानं कार्बोरेटर उघडला. आतला पातळ पडदा पापडासारखा कडक झाला होता. पेट्रोलची नळी तडकली होती, फिल्टर तुंबला होता, प्लग काजळीनं काळा पडला होता. हे सगळं दुरुस्त होण्यासारखं होतं. मग त्यानं सायलेन्सर काढला, त्यामागच्या भोकातून बॅटरीचा झोत टाकला आणि "बघा" म्हणाला. आत पिस्टन दिसत होता आणि त्यावर उभे ओरखडे होते, मांजरानं बोचकारल्यासारखे.

टू-स्ट्रोक इंजिनाची गोष्ट अशी, की त्याच्या पोटात तेलाचं वेगळं भांडं नसतं. वंगण पेट्रोलमध्येच मिसळून द्यावं लागतं. माझ्या यंत्राला पंचविसास एक, म्हणजे लिटरला चाळीस मिली. कुणी घाईत नुसतंच पेट्रोल ओतलं तर इंजिन सुरू होतं, जोरात चालतंही, पण आत पिस्टन आणि सिलिंडर एकमेकांना ओरबाडत असतात. बाहेरून काही दिसत नाही. (आमच्या बँकेत काही शाखा अशाच चालत.)

"हे एक सीझन जाईल. नशीब असलं तर दोन," मेकॅनिक म्हणाला. पिस्टन-सिलिंडर बदलण्याचा खर्च ऐकून मी नशिबावर विश्वास ठेवायचं ठरवलं. बाकीच्या दुरुस्तीचे सोळाशे झाले. यंत्र चाललं. सगळी बाग साफ झाली आणि त्याबरोबर माझी कंबरही. डॉक्टरांनी खांद्याला अडकवायच्या सगळ्या वस्तू बंद केल्या.

आता यंत्र विकायचं होतं, आणि तेव्हा मला कळलं की घेतानाच्या अडचणीपेक्षा विकतानाची अडचण मोठी असते. घेताना फार तर पैसे जातात.

गिऱ्हाईक घरबसल्या आलं. वाडीतलाच बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा. आंब्याच्या हंगामात पेट्या भरायचा, एरवी मिळेल ते करायचा. "काकानू, ह्या मशीन विकूचा आसा, असा ऐकलंय," म्हणाला. यंत्र घेऊन लोकांच्या बागा बेणायला जायचं, रोजावर, असा त्याचा बेत होता. परवा सकाळी बघायला येतो म्हणाला.

त्या रात्री मला झोप लागली नाही. त्या ओरखड्यांचं काय करायचं? बँकेच्या परीक्षेला मी कायद्याचा पेपर दिला होता, तो आठवला. १८७२ च्या करार कायद्याचं कलम १७. नुसतं गप्प राहणं ही सहसा फसवणूक होत नाही. १९३० चा मालविक्रीचा कायदाही सर्वसाधारणपणे सांगतो की घेणाऱ्यानं आपलं आपण पाहून घ्यावं. म्हणजे कायदा माझ्या बाजूनं. पण उशाला सिसेरोचं कर्तव्यावरचं पुस्तक होतं (तेही सेकंडहँड), आणि त्यात दोन हजार वर्षांपूर्वीचे दोन स्टोइक पंडित नेमके याच प्रश्नावर भांडत होते. एकाला घर विकायचंय. घराचं लाकूड कुजकं, खोल्याखोल्यांतून साप निघतात. हे गिऱ्हाइकाला सांगावं का? डायोजेनिस म्हणतो, न सांगणं वेगळं आणि लपवणं वेगळं. 'रोगट घर विकणे आहे' अशी दवंडी कुणी पिटतो का? अँटिपेटर म्हणतो, सांगितलंच पाहिजे. सिसेरो अँटिपेटरच्या बाजूचा. आमच्या वाडीत खोलीत साप निघणं हा घराचा दोष धरत नाहीत, पण मुद्दा मला पोचला. ओरखडे त्या पोराच्या रोजीत जाणार होते. मी सांगायचं ठरवलं आणि शांत झोपलो.

सकाळी तो आला आणि मी त्याला एकूण अकरा दोष सांगितले. पडदा, नळी, प्लग, ओरखडे, सगळं. एवढ्या तपशिलानं तर आपण डॉक्टरलाही काही सांगत नाही. सांगताना मला स्वतःविषयी फार बरं वाटत होतं. त्यानं मुकाट्यानं ऐकून घेतलं, इंजिनावर हात ठेवला, क्षणभर तसाच ठेवला आणि म्हणाला, "बरा. विचार करून सांगतंय." आणि गेला. आठवडा गेला तरी फिरकला नाही.

जॉर्ज अकरलॉफ नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक लेख लिहिला. विकणाऱ्याला खोट माहीत आणि घेणाऱ्याला नाही, अशा बाजारात घेणारा सगळ्यांवरच संशय घेतो, सगळ्यांनाच कमी भाव देतो, आणि मग चांगल्या गाड्यावाले बाजारातून निघून जातात. २००१ मध्ये त्यांना दोघांच्या जोडीनं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. मी हिला हे सगळं समजावून सांगितलं. म्हटलं, बघ, खरं बोलणाऱ्याची या जगात अशी गत होते!

हिनं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तो यायच्या आधी मागच्या पडवीत कसला आवाज होत होता?"

वाचकहो, आता लपवण्यात अर्थ नाही. तो आवाज माझ्या यंत्राचा होता. पोरगा यायच्या पंधरा मिनिटं आधी मी दोरी ओढून इंजिन तापवून ठेवलं होतं. का, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. अकरा दोष सांगायचा निश्चय पक्का होता. पण त्याच्यासमोर यंत्र पहिल्या झटक्याला सुरू झालं तर तेवढंच बरं, असं हातांना वाटलं असावं. म्हणजे तोंड अँटिपेटरचं आणि हात त्या गंधवाल्या गृहस्थांचे. कलम १७ मध्ये पुढं असंही आहे की माहीत असलेली गोष्ट मुद्दाम कृतीनं लपवणं ही मात्र फसवणूक. परीक्षेत मला त्या प्रश्नाला चांगले गुण होते.

मी जो हात ठेवून फसलो होतो, तोच हात त्या पोरानं ठेवला आणि तो फसला नाही. माझ्या अकरा खऱ्या गोष्टी त्या एका कोमट लोखंडानं खोट्या ठरवल्या. माझ्या डोळ्यांसमोर पिस्टनच आला. इतकी वर्षं त्या गृहस्थांना मी मनातल्या मनात लबाड म्हणत होतो. त्यांनीही कदाचित कुठं काही ठरवलं नसेल. त्यांचेही हात असेच आपोआप गेले असतील.

संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. म्हटलं, "कधीही ये, न सांगता ये. आधी हात लावून बघ, मग ओढ." दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला तो अंगणात हजर. मी चहाही घेतला नव्हता. त्यानं इंजिनावर हात ठेवला. "त्या दिवशी गरम होता, काकानू. आज गार आसा." एवढंच बोलला. नवव्या झटक्याला यंत्र सुरू झालं. सायलेन्सर आम्ही दोघांनी मिळून काढला आणि मोबाइलच्या उजेडात त्यानं ओरखडे स्वतः पाहिले. मी तीन हजार म्हटले होते, त्यानं अठराशे दिले. तेलाचं प्रमाण मी त्याला दोनदा सांगितलं, आणि माझ्याकडचं मापही देऊन टाकलं.

त्याला आता दोन सीझन झाले. शेजारच्या बागेत बेणणी चालली की मी ओसरीवर चहा घेत तो आवाज ऐकतो. मध्येच आवाज थांबला की माझा कप हातातच राहतो. पातं बदलत असेल, पेट्रोल भरत असेल, की संपलं? मग दोरी ओढल्याचा आवाज येतो, एकदा, दोनदा, तीनदा. ही आतून म्हणते, "मोजू नका, चहा निवतोय."