स्वस्ताईचा हिशेब

थोड्या पैशांत मोठें शहर पाहून आलेला मनुष्य घरीं परतला, म्हणजे आपण काय पाहिलें यापेक्षां तें कितीत पाहिलें हेंच अधिक हौसेनें सांगतो. हा माझा अनुभव परक्यांविषयींचा नाहीं, स्वतःविषयींचा आहे. एका विद्वत्सभेच्या निमित्तानें मला हाँगकाँगला जाण्याचा योग आला. सभेचे दोन दिवस यजमानांच्या खर्चानें गेले. पुढचे सहा दिवस मात्र पदरमोड करून काढावयाचे होते, आणि बरोबर कुटुंबही होतें. खोलीभाडें वगळून दोघांस मिळून दिवसाला २०० हाँगकाँग डॉलर, म्हणजे सुमारें २,२०० रुपये, ही मर्यादा आम्हीं मुंबईच्या विमानतळावरच ठरविली आणि हिशेबाची वही सौभाग्यवतींच्या स्वाधीन केली.

हाँगकाँग हें जगांतील अत्यंत महागड्या शहरांपैकीं एक; परंतु काटकसरी प्रवाशावर त्याची विलक्षण कृपा आहे. १९०४ सालापासून धांवणाऱ्या तेथील ट्रामीच घ्या. मागच्या दारानें चढावें, उतरतांना पुढच्या दारापाशीं पैसे टाकावे. एक थांबा जा कीं १३ किलोमीटरांची सारी वाट जा, भाडें तेंच, तीन डॉलरांच्या आसपास. वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळाली, तर बँकांचे गगनचुंबी मनोरे, सुक्या मासळीचीं दुकानें आणि चौथ्या मजल्यावर वाळत घातलेलीं धोतीं एका ओळींत पाहून होतात. धोतीं म्हणजे अर्थात् चिनी पायजमे, सौभाग्यवतींनीं त्यांस धोतीं ठरविलें एवढेंच. डोंगराच्या उतारावर सुमारें ८०० मीटर लांबीचा सरकता जिना १९९३ पासून आहे. त्याला पैसा पडत नाहीं. सकाळीं तो माणसांना खालीं कचेऱ्यांकडे आणतो आणि दहानंतर वर नेतो. खाडी ओलांडण्यास स्टार फेरीच्या बोटी आहेत, त्या पांच-सहा डॉलरांत नेतात. या बोटींचा आरंभ दोराबजी नवरोजी या पारशी गृहस्थानें केला. मुंबईचेच होरमसजी मोदी यांच्या नांवाचा रस्ता आमच्या मुक्कामाजवळ होता, आणि त्यांच्याच देणगीवर तेथील विद्यापीठाची मूळ इमारत उभी राहिली. आमचा मुक्काम चुंगकिंग मॅन्शन्स या १९६१ सालच्या अवाढव्य इमारतींत, जेथें नेपाळी, पंजाबी, पाकिस्तानी आणि आफ्रिकी व्यापारी एकाच उद्वाहनासाठीं रांग लावतात आणि वरणभात मिळण्याची पंचाईत नसते.

दोन दिवस मर्यादेच्या आंत पार पडले आणि मला एक प्रकारचा सात्त्विक ताठा चढूं लागला. टेंपल स्ट्रीटच्या रात्रीच्या बाजारांत एका कापडी पिशवीसाठीं मीं वीस मिनिटें घासाघीस केली. विक्रेता गणकयंत्रावर आंकडा दाखवी, मी तो पुसून माझा दाखवीं. शेवटीं पांच डॉलर सुटले. जगाला आपण फसूं दिलें नाहीं, या समाधानानें मी त्या रात्रीं झोपलों.

तिसरा दिवस रविवार होता. मध्यवर्ती भागांत गेलों तों पेढ्यांच्या मनोऱ्यांखालीं, पुलांवर, वाहनांस बंद केलेल्या रस्त्यावर हजारों स्त्रिया पुठ्ठे अंथरून बसलेल्या. कोणी पत्ते खेळत होत्या, कोणी एकमेकींचीं नखें रंगवीत होत्या, कोणी गांवीं पाठवावयाच्या पेट्या बांधीत होत्या. या फिलिपाइन्स आणि इंडोनेशियाहून आलेल्या मोलकरणी. शहरांत त्यांची संख्या तीन लाखांहून अधिक आहे. कायद्यानें त्यांनीं मालकाच्याच घरीं राहिलें पाहिजे, आणि आठवड्यांतून एक दिवस त्यांस सुटी मिळते. त्या दिवशीं जावयास स्वतःचें घर नाहीं, म्हणून फरसबंदी. आम्हीही त्याच फरसबंदीवर बसून घरून नेलेले लाडू खाल्ले, कारण उपाहारगृहांत गेलों असतों तर मर्यादा मोडली असती. बाहेरून पाहणाऱ्यास त्यांच्यांत आणि आमच्यांत फारसा भेद दिसला नसता. परंतु माझ्या खिशांत बँकेचें कार्ड होतें. मर्यादा माझी मींच घातली होती, आणि वाटेल त्या क्षणीं ती उठवितां येत होती. ज्या गरिबीला दार आहे ती गरिबी नव्हे. ती फार तर व्रत आहे, आणि व्रत करणाऱ्यानें उपाशी माणसाच्या पंक्तीला बसून आपण सारखेच असें म्हणूं नये. त्याच शहरांत २०२१ च्या शिरगणतीप्रमाणें दोन लाखांवर माणसें एकेका घराचे तुकडे पाडून केलेल्या खोल्यांत राहतात. आमची खोलीही तेवढीच असेल. पण आम्ही तिच्याविषयीं विनोद करीत होतों.

स्वस्ताई ही कोणाच्या तरी खात्यावर पडते, हें अर्थशास्त्राच्या प्राध्यापकानें सांगावें, मी तत्त्वज्ञान शिकवितों. तरी थोरोचें उदाहरण मला नेहमीं आठवतें. वॉल्डन तळ्याकांठची त्याची झोपडी २८ डॉलर साडेबारा सेंटांत झाली, हें त्यानें पैन् पैचा हिशेब देऊन छापलें. जमीन मात्र एमर्सनची होती. मी थोरोस कमी लेखीत नाहीं. पण हिशेब कितीही प्रामाणिक असला तरी कोणती रकम त्यांत येतच नाहीं, हें विचारण्याचा अधिकार वाचकास आहे. अॅरिस्टॉटलनें औदार्य हा उधळेपणा आणि कंजूषपणा यांचा मध्य मानला. माझी शंका अशी कीं, प्रवाशाच्या काटकसरीला हा मध्य लागूच पडत नाहीं, कारण ती पैशाविषयीं नसतेच. मला ते पांच डॉलर नको होते. मला हुशार ठरावयाचें होतें.

ज्यांना पैसेच वाचवावयाचे असतात त्यांची गोष्ट निराळी. १९६६ सालीं याच स्टार फेरीनें पहिल्या वर्गाचें भाडें पांच सेंटांनीं वाढविण्याचें ठरविलें, तेव्हां एक तरुण धक्क्यावर उपोषणास बसला. त्याला अटक झाली, कौलूनमध्यें दंगल उसळली आणि एक माणूस प्राणास मुकला. पांच सेंट! तीही केवळ वरच्या वर्गाला. हें मीं प्रथम वाचलें तेव्हां हंसलों होतों. बोटींत बसल्यावर हंसूं येईना. किंमत लहान आहे कीं मोठी, हें ज्याच्या त्याच्या पगाराकडे पाहूनच ठरतें.

आतां मुख्य गोष्ट. सोमवारीं सायंकाळीं आम्ही नॉर्थ पॉइंट भागांत चुन येउंग रस्त्यावर होतों. तेथें ट्राम भरबाजारांतून जाते. घंटा वाजली कीं माणसें बाजूला सरतात आणि गाडी गेली कीं पुन्हां रस्ता भरतो. एका म्हाताऱ्या बाईपाशीं आम्हीं संत्रीं घेतलीं. रात्रीं खोलीवर सौभाग्यवती वही घेऊन बसल्या आणि म्हणाल्या, "अहो, हिशेब जुळत नाहीं."

"किती कमी पडतात?"

"कमी नाहींत. तीस जास्त आहेत."

वीसची नोट दिली होती; बाईनें ती पन्नासची समजून मोड परत केली होती. मीं लगेच तर्क मांडावयास आरंभ केला. दुसरे दिवशीं नन लिअन बागेस जावयाचें ठरलें होतें, आणि ती उलट दिशेला. बोट आणि ट्राम, जाऊन येऊन, दोघांचें भाडें तिसांच्या वर जाईल. म्हणजे तीस परत करण्यास तिसांहून अधिक खर्च. शिवाय चूक तिची होती. हें सारें ऐकून घेऊन सौभाग्यवती एवढेंच म्हणाल्या, "पिशवीवाल्यापाशीं मात्र आपण पांच डॉलर सोडले नाहींत." यावर मला उत्तर सुचलें नाहीं. पांच डॉलरांसाठीं न्यायाचा आग्रह धरणारा मी, तीस डॉलरांच्या बाबतींत झालें गेलें विसरावयास तयार होतों.

मंगळवारीं गेलों. म्हातारीनें पुढें केलेल्या नोटा पाहिल्या आणि संत्रीं तोलावयास घेतलीं. हातवारे करून कांहीं उपयोग होईना. शेवटीं शेजारच्या गाळ्यावरील इंग्रजी जाणणाऱ्या मुलानें उलगडा केला. बाईनें नोटा दोनदां मोजल्या, पत्र्याच्या डब्यांत टाकल्या आणि पाठीमागें पालेभाजी निवडीत बसलेल्या तरुण स्त्रीकडे वळून कांहीं शब्द बोलली. त्या स्त्रीनें मान वर केली नाहीं. मुलगा हळूच म्हणाला, "काल रात्रीं तीस कमी भरले, तेव्हां हिनें सुनेला बोल लावले होते."

ही सून आमच्या हिशेबांत कोठेंच नव्हती. बोटीचें भाडें, ट्रामचें भाडें, बाईची चूक, माझी सोय, यांचा मीं विचार केला होता. तराजूच्या दुसऱ्या पारड्यांत कोण बसलें आहे हें मला दिसणेंच शक्य नव्हतें. आणि मुख्य म्हणजे, न गेलों असतों तर तें कधींच कळलें नसतें, आणि मी आज तीस डॉलरांची ती गोष्ट गंमत म्हणून मित्रमंडळींत सांगत असतों. माझ्या आजवरच्या किती स्वस्त खरेदींच्या मागें अशी एखादी सून मान खालीं घालून बसली असेल, याचा विचार मीं परतीच्या ट्रामींत करून पाहिला. परंतु तो फार वेळ करवेना.

म्हातारीनें निघतांना एक संत्रें हातावर ठेवलें. तें घ्यावें कीं त्याचे पैसे द्यावे, यावर बोटींत आमचा थोडा वाद झाला. त्या दिवशीं मर्यादा मोडली. सौभाग्यवतींनीं भाड्याची रकम "ट्राम, बोट" या सदराखालीं लिहिली आणि बागेस आम्ही बुधवारीं गेलों.