पत्त्यातला मृत्यू



परवा भाचीचा रडतच फोन आला, "मावशी, टॅरोत तेरावा पत्ता निघाला, मृत्यू!" तिच्या आईचं, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचं, ऑपरेशन दोन दिवसांवर.

म्हटलं, फोटो पाठव बघू. पांढऱ्या घोड्यावर सांगाडा, खाली राजा पडलेला. पण मागे दोन बुरुजांमध्ये सूर्य आहे की! जाणकारही याचा अर्थ मरण नव्हे, जुनं संपून नवं सुरू होणं असाच लावतात.

मग म्हटलं, बाळा, पुढचं पत्त्यालाही ठाऊक नाही, मलाही नाही. भीती मलाही वाटते. पत्ते ठेव, आईच्या उशाशी बस, नाम घे.

काल दोघी मिळून जप करत होत्या. आज ऑपरेशन आहे. सर्वांनी एक माळ तिच्यासाठी करावी, ही विनंती.

जय गुरुदेव.