खडी हवी, खाण नको?

आमच्या घरांच्या स्लॅबमध्ये आणि पुलांच्या खांबांत डोंगर दडलेले आहेत. काँक्रीटच्या घनफळाचा ६० ते ७५ टक्के भाग वाळू-खडीचा असतो. सह्याद्रीचा काळा कातळ सुमारे ६.५ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून घडला. सुरुंगाने तो क्षणात फुटतो आणि पुन्हा घडत नाही.

गावाजवळ खडीची खाण येणार असे कळताच आम्ही विरोध करतो. ते स्वाभाविकच आहे. परंतु ती खाण पलीकडच्या गावी गेली म्हणजे आमची जबाबदारी संपली काय? तेथील भातावरही क्रशरची धूळ बसणारच.

जबाबदारी चुकविण्याची दुसरीही एक रीत आहे. मोठे क्षेत्र लहान खाणपट्ट्यांत विभागले की पर्यावरणविषयक मंजुरीची अट टळत असे. २०१२ साली दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ हेक्टरांहून लहान पट्ट्यांनाही ती अट लागू केली. कारण लहान पट्ट्यांचा एकत्रित आघात मोठा असतो. नीतीचाही नियम हाच आहे. प्रत्येकाचा वाटा थोडा, म्हणून कोणीच दोषी नाही, हा हिशेब खोटा होय.

मग न्याय्य मार्ग कोणता? वरची सुपीक माती राखून ठेवावी, खोदाई भूजलाच्या पातळीवरच थांबवावी, धूळ पाण्याने दाबावी आणि खड्डा सुरक्षित करून जमीन परत देण्याचा खर्च आधीच बाजूला काढावा. याने खडी महागेल. ती महागाई आम्ही सोसली पाहिजे. कारण आजच्या स्वस्त खडीची उरलेली किंमत खाणीशेजारचे कुटुंब भरीत असते.