बोहारणीचं ‘नको’

नवरात्र उठलं की आई माळ्यावरून जुन्या कपड्यांचं गाठोडं खाली घ्यायची. दिवाळीआधी बोहारीण येणार हे ठरलेलंच. डोक्यावर भांड्यांची पाटी, काखेत बोचकं, आणि तिच्या आधी जिना चढून येणारी तिची हाक. ती उंबऱ्याबाहेर बसायची, आई आत. (ती बाहेरच का, तिचा पाण्याचा पेला वेगळा का, हे प्रश्न आमच्यापैकी कोणालाही पडले नाहीत. तेव्हा त्या दिवसांच्या आठवणीने फार गहिवरण्याचं कारण नाही.) बोहारीण एकेक साडी उजेडाकडे धरून बघायची. पदर, काठ, मग जिथे साडी आधी विरते तो भाग. ‘‘ही नको ताई, बोट घातलं तर आरपार जाईल.’’ आई म्हणायची, ‘‘अगं, दोनदाच नेसलेय.’’ ते खरं नाही हे दोघींना ठाऊक असायचं. तासाभराने स्टीलचा एक डबा घरात यायचा, झाकण घट्ट बसतंय ना हे चारदा बघून. आणि तिने नाकारलेले कपडे आमच्याकडेच राहायचे.

त्यांचं काय करायचं, हा मग घराचा प्रश्न. नऊवारी गोधडीत जायची. पंच्याने आधी भांडी पुसली जायची, पुढे लादी, शेवटी सायकलची चेन. तोवर तो इतका झिजलेला असायचा की टाकायला फारसं काही उरायचंच नाही.

आता आमच्या सोसायटीत दिवाळीआधी तळमजल्यावर एक मोठं खोकं ठेवतात. जुने कपडे, खेळणी, चपला, जे असेल ते त्यात टाकायचं. मीही टाकते. हलकं वाटतं, थोडं पुण्य पदरात पडतं आणि नव्या खरेदीला कपाटात जागा होते. गेल्या वर्षी चेन तुटलेली एक पर्स मी त्यात टाकली आणि लिफ्टमध्ये शिरताना लक्षात आलं, की ही पर्स मी बोहारणीपुढे ठेवायला धजावले नसते. खोकं बिचारं काहीच बोललं नाही.

असं न बोलणाऱ्या दारात काय साचतं, ते 2004 च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर दिसलं. मदत म्हणून इतके कपडे पोचले की त्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले. त्यातले बरेच ‘गूंज’ संस्थेने उचलून नेले, निवडले, कामी लावले. अंशु गुप्ता यांनी 1999 मध्ये घरातल्या 67 कपड्यांनिशी ही संस्था सुरू केली. 2015 मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुरस्कारापेक्षा मला त्यांची एक रीत महत्त्वाची वाटते. गाव आपली विहीर उपसतं, रस्ता दुरुस्त करतं, आणि कपडे त्या श्रमाचा मोबदला म्हणून मिळतात. मोबदल्यात फाटकं चालत नाही. दानात चालतं, निदान देणाऱ्याला तसं वाटतं.

इंग्लंडात राहणारे आपले लोक तिथल्या चॅरिटी शॉपचं कौतुक करतात, आणि ते रास्तच आहे. ऑक्सफर्डच्या ब्रॉड स्ट्रीटवर ‘ऑक्सफॅम’चं दुकान 1940 च्या दशकाच्या अखेरीपासून चालू आहे. अशा दुकानांत मागच्या खोलीत स्वयंसेवक आलेला माल निवडतात. फाटका, डागाळलेला शर्ट पुढे मांडला जात नाही. म्हणजे ‘नको’ तिथेही आहे, फक्त ते देणाऱ्याच्या कानावर जात नाही. न खपलेला माल वजनावर व्यापाऱ्यांकडे जातो आणि त्यातला पुष्कळसा पुढे आफ्रिकेत. घानाची राजधानी आक्रा इथल्या कांतामांतो बाजारात या कपड्यांच्या गाठी फुटतात. तिथल्या बोलीत यांना ‘मेलेल्या गोऱ्याचे कपडे’ म्हणतात. इतकं धड कापड कोणी जिवंतपणी टाकून देईल हे पूर्वी पटण्यासारखं नव्हतं. आता गाठीतला जो भाग विकलाच जात नाही, तो गटारांत आणि किनाऱ्यावर साचतो. लोकरीचं नशीब त्या मानाने बरं. परदेशातले जुने स्वेटर पानिपतला येतात, पिंजून त्यांचं पुन्हा सूत होतं, सुताची स्वस्त ब्लँकेटं होतात, आणि तीच ब्लँकेटं पूर-भूकंपात मदत म्हणून वाटली जातात.

आपल्या कपाटातल्या कपड्यांना तेवढंही भाग्य नाही. पॉलिएस्टर, लायक्रा, सूत यांची अशी मिसळ असते की धागे सुटे करणं अवघड. अशा कुर्त्याचं फडकं करून बघा. ते पाणी टिपत नाही, लादीभर पसरवतं.

प्लॅस्टिकला ‘नको’ म्हणणारा माणूस म्हणजे रद्दीवाला. दुधाची पिशवी तो घेतो, म्हणून ती घराघरांत धुऊन, फरशीला चिकटवून वाळवली जाते; कोपरा कापताना तुकडा पूर्ण सुटू द्यायचा नाही, हे सासूने मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं. वेफर्सची चकचकीत पिशवी मात्र तो हातात धरत नाही. प्लॅस्टिक आणि धातूचे थर एकमेकांना चिकटवलेले, वेगळे काढणं परवडत नाही. त्याच्या तराजूवर काय चढतं आणि काय नाही, एवढं बघून जरी वाणसामान भरलं, तरी कचऱ्याचा डबा निम्मा रिकामा राहील असं माझं मत आहे.

2005 च्या 26 जुलैला मुंबई बुडाली तेव्हा तुंबलेल्या गटारांत पिशव्या सापडल्या. पुढे कायदा झाला आणि 23 मार्च 2018 ला राज्याने मोठी बंदी आणली: पहिल्या गुन्ह्याला 5,000 रुपये, तिसऱ्याला 25,000 आणि तुरुंगही. काही महिने भाजीवाले खरंच पिशवी देईनात. मग पुन्हा देऊ लागले. त्याच अधिसूचनेत दुधाची पिशवी परत केली की 50 पैसे मिळायचे होते. आमच्या घराला त्या पैशांचं दर्शन अजून घडलेलं नाही.

दंडाने जे साधलं नाही, ते पुण्यात बऱ्याच अंशी बायकांनी साधलं. 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, त्यातून पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था. दारी येऊन कचरा नेणारी ताई महिन्याचे पैसे घेते, सुका कचरा विकते, आणि तिच्या हाताला काय लागतंय हे तिला कळतं. सॅनिटरी नॅपकिन कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, हा आग्रह याच बायकांचा. एकदा आमच्या सुक्याच्या डब्यात डायपर निघाला तर ती डबा तसाच ठेवून निघून गेली. दिवसभर तो दारात होता. शेजारपाजारचे बघत होते. पाहुण्यांचं बाळ होतं, हे मी किती जणांना सांगणार?

बोहारणीला आमच्या फाटकातून आत येता येत नाही. ‘फेरीवाल्यांना प्रवेश नाही’ अशी पाटी आहे. यंदा ती रस्त्यावर दिसली तशी मी पिशवी घेऊन खाली गेले. फाटकाच्या बाहेरच, वॉचमनच्या खुर्चीशेजारी, तिने सगळं उलगडलं. जीन्स आणि शर्ट पाहताक्षणी घेतले. माझ्या कुर्त्यांना हात लावून बघितला आणि पाच बाजूला सारले. ‘‘हे कोण घेणार, काकू? अंगाला चिकटतंय नुसतं.’’ मी म्हटलं, अगं, दोनदाच घातलेत. ती हसली. एका लहान पातेल्यावर सौदा तुटला.

पाच कुर्ते घेऊन मी लिफ्टने वर आले. तळमजल्यावर खोकं होतंच, निम्मं रिकामं. कुर्ते अजून खुर्चीवर आहेत.