किल्ल्या कोणाच्या हाती?

आम्हा उर्दू शाळेतल्या शिक्षकांना आता प्रश्नपत्रिका, पालकांना द्यायचे निरोप हे सारे यंत्राकडून लिहून घेता येते. नोव्हेंबर २०२४ मध्ये अशा सहायकांना फाइली, ईमेल यांसारखी साधने जोडण्याची एक खुली पद्धतही आली. मग कोणते साधन त्याच्या हाती द्यावे?

लिहिणे वेगळे, पाठवणे वेगळे. ७ जून २०२३ रोजी आमच्या कोल्हापुरात समाजमाध्यमांवरील स्टेटसवरून दगडफेक झाली, इंटरनेट बंद ठेवावे लागले. स्टेटस कोणी ठेवले, हे तेव्हा निदान विचारता येत होते. यंत्राने परस्पर पाठवलेल्या मजकुराचा जाब कोणाला विचारायचा?

कोणी म्हणेल, दर वेळी परवानगी मागू द्या. पण घाईतला माणूस न वाचताच 'हो' म्हणतो. त्यापेक्षा काही साधने न जोडलेलीच बरी.

फिकहमध्ये वकिलाला नेमून दिलेल्या कामापुरताच अधिकार असतो. परवानगीशिवाय तो आपले काम दुसऱ्यावर सोपवू शकत नाही. पालकांचे फोन नंबर आमच्याकडे अमानत आहेत. तिथे वकील आम्हीच आहोत. म्हणून मसुदा यंत्राने करावा; नंबरांची वही आमच्याच कपाटात राहील.